एंड मिल सरळ खाली उतरवताना का तुटते: छोट्या सीएनसी मिलवर वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

छोट्या सीएनसी मिलवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी चालणाऱ्या कापण्याच्या यंत्रावर, पॉकेट (मालात कोरलेला खोलगट भाग) किंवा सपाट तळाचे भोक करताना एंड मिल (सपाट तोंडाचे फिरते कापणारे टूल) सरळ खाली उतरवली की ती किंचाळते, भोकाच्या तळाशी मध्यभागी चकचकीत उंचवटा राहतो, भोक टूलच्या व्यासापेक्षा मोठे आणि गोलाईत बिघडलेले येते, खोली प्रत्येक ठिकाणी वेगळी भरते आणि कधीतरी टूलच तुटते. ही अडचण चिवट आहे. नवे टूल लावले आणि फीड (टूल मालात पुढे सरकण्याचा वेग) निम्मे केले की ती काही जॉबपुरती नाहीशी होते आणि मग पुन्हा उभी राहते, कारण या दोन्ही उपायांनी मूळ कारणाला हात लागत नाही. माझ्या मते ते कारण फीडच्या आकड्यात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते टूलच्या तोंडाच्या मध्यभागी असते, आणि कॅम सॉफ्टवेअरमधील (टूलचा मार्ग आखून यंत्रासाठी कोड तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) त्या एका पर्यायात असते, जो टूलने मालात कसे शिरावे हे ठरवतो.

मराठवाड्यात अशा यंत्रांवर करता येण्याजोगे एक काम उदाहरण म्हणून घेऊ, कारण त्यात ही अडचण हमखास येते. सोयाबीन, हरभरा, मका यांच्या पेरणी यंत्रात बी उचलणारी चकती असते. तिच्या कडेने ठरावीक अंतरावर खळगे असतात आणि खळग्यात बसलेला दाणा पुढे नळीत पडतो. बियाण्याचा आकार बदलला की चकती बदलावी लागते, आणि तयार चकती आपल्या वाणाच्या दाण्याला नीट बसत नसेल, तर छोट्या मिलवर नायलॉनमध्ये किंवा ॲल्युमिनियममध्ये ती करून घेता येते. खळग्याचा तळ सपाट हवा म्हणून ड्रिलऐवजी एंड मिल लावली जाते. सगळे खळगे एकसारखे हवेत, नाहीतर एका ठिकाणी दोन दाणे पडतात आणि दुसऱ्या ठिकाणी एकही पडत नाही. शिवाय एका चकतीत असे खळगे पुष्कळ असल्यामुळे टूल एकाच जॉबमध्ये पुन्हा पुन्हा सरळ खाली उतरते आणि त्याचा जो काही दोष असेल तो सगळ्या चकतीभर उमटतो.

आधी टूलचे तोंड पाहावे

यंत्र बंद करावे, टूल काढावे आणि त्याचे तोंड भिंगाखाली, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून, चांगल्या उजेडात पाहावे. तोंडावरचा निदान एक दात मध्यबिंदूच्या पलीकडे गेलेला दिसला, तर ते टूल सेंटर कटिंग आहे, म्हणजे त्याची धार मध्यापर्यंत पोहोचते. दोन फ्लूटच्या, म्हणजे दातांना लागून दोन पिळाच्या खाचा असलेल्या, टूलमध्ये सहसा एक दात लांब आणि एक आखूड असतो. चार फ्लूटच्या सेंटर कटिंग टूलमध्ये समोरासमोरचे दोन दात मध्याशी जवळजवळ जुळलेले दिसतात आणि उरलेले दोन अलीकडे थांबतात. याउलट मध्यभागी लहानसा गोल खड्डा दिसला आणि सगळे दात त्याच्या काठाशीच थांबलेले असले, तर ते टूल फक्त बाजूने कापण्यासाठी आहे. त्याला सरळ खाली दाबले की बाहेरचे वर्तुळ कापले जाते, मधला माल तसाच उभा राहतो, टूलचे तोंड त्या मालावर टेकते आणि झेड अक्ष, म्हणजे यंत्राची वर-खाली हालचाल, पुढे ढकलत राहतो. तळाशी दिसणारा चकचकीत उंचवटा हाच. तो कापला गेलेला नसून घासला गेलेला असतो, म्हणूनच त्याला चकाकी येते.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वापरलेली चार फ्लूटची टूल्स स्वस्तात किंवा फुकट मिळण्याची सोय अनेकांना असते. टूल उत्तम कार्बाइडचे असते, धारही पुष्कळ शिल्लक असते. पण ते कोणत्या कामासाठी घडवले होते हे त्याच्यावर लिहिलेले नसते. त्यातच जांभळट काळ्या रंगाचे टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे कोटिंग असलेले टूल पोलादासाठी चांगले असले, तरी त्या कोटिंगमधील ॲल्युमिनियममुळे ॲल्युमिनियमचा जॉब त्याला चिकटतो. ॲल्युमिनियमसाठी कोटिंग नसलेले, पॉलिश केलेल्या फ्लूटचे टूल निवडावे, आणि ते एक किंवा दोन फ्लूटचे असावे.

सेंटर कटिंग टूल हाती आहे म्हणून सरळ खाली उतरणे निर्धोक झाले, असेही नाही. जाते फिरते तेव्हा वरची तळी जोरात फिरते आणि मधला खुंटा मात्र जागचा हलत नाही. टूलच्या तोंडाचेही तसेच आहे. ६ मिलिमीटरचे टूल मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे १८८ मीटर असतो, मध्यापासून अर्धा मिलिमीटर अंतरावर तो सुमारे ३१ मीटर उरतो आणि नेमक्या मध्यावर शून्य होतो. तिथे धार असली तरी ती कापत नाही, माल चिरडून बाजूला सारते. ड्रिललाही हाच नियम लागू आहे, पण ड्रिलचे टोक निमुळते असते, ते स्वतःला मध्यावर धरून ठेवते आणि चिप, म्हणजे कापून निघालेला मालाचा तुकडा, उतारावरून बाहेर सरकते. एंड मिलचे तोंड ड्रिलच्या उलट घडवलेले असते: ते मध्याकडे किंचित खोलगट असते, त्यामुळे बाहेरचे कोपरे मालाला आधी टेकतात. टूलला मध्य धरून ठेवणारे काही नसल्यामुळे जो कोपरा आधी पकड घेतो, तो टूलला आपल्या बाजूला ओढतो. भोक मोठे आणि वाकडे होण्याचे कारण हेच आहे.

चिप बाहेर पडण्याचा प्रश्न याहूनही मोठा आहे. एंड मिलला बाजूचा मार सहन करायचा असतो, म्हणून तिचा गाभा जाड आणि फ्लूट उथळ ठेवलेले असतात. बाजूने कापताना चिप मोकळ्या जागेत उडून जाते. सरळ खाली उतरताना तिला त्या उथळ फ्लूटमधून वर चढण्यावाचून मार्ग नसतो. चार फ्लूटच्या लहान टूलमध्ये ही जागा इतकी अपुरी असते की पहिल्या मिलिमीटरभरातच चिप गच्च बसतात, पुन्हा पुन्हा कापल्या जातात, तापतात आणि ॲल्युमिनियम असेल तर दाताला चिकटून धारच झाकून टाकतात. त्यानंतर फीड कितीही कमी केले तरी फायदा होत नाही. उलट, फार कमी फीडवर प्रत्येक दात पातळ चिप काढण्याऐवजी नुसता घासतो आणि उष्णता आणखी वाढते.

तुटलेले टूल आणि बिघडलेले भोक काय सांगतात

तुटलेले टूल लगेच टाकून देऊ नये. ते कुठे आणि कसे तुटले आहे, यावरून कारण बरेचसे ओळखता येते. फ्लूटमध्ये ॲल्युमिनियम चिकटून भरलेले असेल, तर चिप बाहेर पडत नव्हत्या. कोपरे टवके उडाल्यासारखे तुटले असतील आणि बाकीची धार नवीच दिसत असेल, तर टूल मालावर वेगाने आदळले आहे. तोंडाचा मध्य काळानिळा पडला असेल, तर तो घासत होता. आणि टूल फ्लूट संपतात तिथून स्वच्छ मोडले असेल, तर ते वाकून मोडले आहे. असे टूल बहुधा खाली उतरताना न मोडता, तळ गाठून बाजूला वळण्याच्या पहिल्या क्षणी मोडते, कारण तोपर्यंत ते चिपांनी भरलेल्या भोकात अडकून बसलेले असते.

मालावर आदळण्याचे कारण बहुतेक वेळा जॉबच्या पृष्ठभागात सापडते. कॅममध्ये टूल मालाच्या वर एका ठरावीक उंचीपर्यंत रॅपिड वेगाने, म्हणजे न कापता सरकण्याच्या मोठ्या वेगाने, येते आणि तिथून पुढे प्लंजचे, म्हणजे सरळ खाली उतरण्याचे, फीड सुरू होते. ही उंची अर्धा मिलिमीटर ठेवली असेल आणि पत्रा एका कोपऱ्यात एक मिलिमीटर वर आलेला असेल, तर त्या कोपऱ्यात टूल रॅपिडनेच मालात घुसते. टूल नेहमी जॉबच्या एकाच भागात तुटत असेल, तर दुसरे काही बदलण्याआधी चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर टूलखाली कागद धरून, तो अडकेपर्यंत टूल खाली आणून झेडची उंची तपासावी आणि फीड सुरू होण्याची उंची त्या फरकापेक्षा जास्त ठेवावी.

खोली बदलत जाण्याच्या तक्रारीत मात्र फार गोंधळ होतो, म्हणून ती जरा सविस्तर पाहू. खोली वाढत चालली आहे की कमी होत चालली आहे, हा पहिला प्रश्न आहे. एंड मिलच्या पिळामुळे कापताना टूल कोलेटमधून (टूल धरणाऱ्या पकडीतून) खाली ओढले जाते. कोलेटची पकड ढिली असेल, तर टूल हळूहळू बाहेर सरकते आणि पुढचे खळगे अधिकाधिक खोल होत जातात. याउलट सरळ खाली दाबताना झेडच्या मोटरला जोर पुरला नाही, तर ती पावले चुकवते, म्हणजे आज्ञा मिळूनही तेवढी फिरत नाही. यंत्राला वाटते आपण तळाशी पोहोचलो, प्रत्यक्षात टूल वरच असते आणि तिथून पुढचे सगळे खळगे उथळ होतात. टूल ढिल्या कोलेटमध्ये वर ढकलले गेले, तरी परिणाम असाच दिसतो. तिसरी शक्यता अशी की स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) जड आहे आणि रॅपिडने वर उचलताना पावले चुकत आहेत; तेव्हा पुढची खोली वाढते. म्हणजे दोन्ही परिणामांची कारणे दोन-दोन आहेत आणि नुसती खोली मोजून ती वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी टूल बसवल्यावर शँकवर (टूलच्या गुळगुळीत दांड्यावर) कोलेटच्या नटाला लागून मार्करने बारीक रेघ ओढावी आणि जॉब संपल्यावर ती पाहावी. रेघ नटापासून दूर गेली किंवा आत गेली, तर दोष पकडीत आहे. रेघ जागेवरच आहे, पण यंत्र झेड शून्यावर आणल्यावर कागद सुरुवातीसारखा अडकत नाही, तर पावले चुकली आहेत.

पकडीचा दोष निघाला, तर पहिला संशय कोलेटच्या मापावर घ्यावा. अनेक स्वस्त टूल्सची शँक ३.१७५ मिलिमीटरची, म्हणजे एक अष्टमांश इंचाची असते आणि दुसऱ्या टूल्सची नेमकी ३ मिलिमीटरची. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ३.१७५ च्या कोलेटमध्ये ३ मिलिमीटरची शँक पूर्ण पकडीत येत नाही आणि जोर येताच सरकू शकते. शँक व्हर्नियरने मोजूनच कोलेट निवडावे. ईआर प्रकारचे कोलेट आधी नटात टक असा आवाज येईपर्यंत बसवावे, मग नट स्पिंडलवर चढवावा आणि त्यानंतर टूल घालावे. कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर कोलेट तिरके बसते, टूल डगमगते आणि पकडही पूर्ण येत नाही. डगमग किती आहे ते डायल (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून, स्पिंडल हाताने फिरवून पाहावे. प्रत्येक दाताची चिप ०.०२ मिलिमीटरची धरली असेल आणि टूलची डगमग ०.०५ असेल, तर दोन फ्लूटच्या टूलचा एकच दात सगळे काम करतो आणि दुसरा नुसता फिरतो.

टूल गरजेपेक्षा बाहेर ठेवण्याची सवयही महागात पडते. टूलचे वाकणे बाहेर असलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लांबी निम्मी केली की वाकणे आठपट कमी होते. व्यासाचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो. त्यामुळे जिथे ६ मिलिमीटरचे टूल मावते तिथे ३ मिलिमीटरचे लावणे म्हणजे सोळापट लवचीक टूल लावणे होय.

मुख्य उपाय: टूलला खाली जाताना बाजूलाही न्यावे

एंड मिल बाजूच्या धारेने कापण्यासाठी घडवलेली आहे, म्हणून तिला मालात शिरतानाही बाजूची हालचाल मिळाली पाहिजे. गोल खळग्यासाठी सर्पिल, म्हणजे हेलिकल, मार्गाने उतरणे आणि लांबट खाचेसाठी उतरत्या रेषेने, म्हणजे रॅम्पने, शिरणे हे या अडचणीचे खरे उत्तर आहे. बाकीचे उपाय हे जमत नसेल तेव्हाचे आहेत.

चकतीचा खळगा ९ मिलिमीटर व्यासाचा आणि ४ मिलिमीटर खोल आहे आणि टूल ६ मिलिमीटरचे, दोन फ्लूटचे आहे, असे धरू. टूलचा मध्यबिंदू ९ वजा ६, म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरेल आणि त्या वर्तुळाचा परीघ सुमारे ९.४ मिलिमीटर येईल. उताराचा कोन २ अंश ठेवला, तर एका फेरीत टूल सुमारे ०.३३ मिलिमीटर खाली जाईल. ४ मिलिमीटरसाठी १२ च्या आसपास फेऱ्या लागतील आणि शेवटी तळ सपाट करण्यासाठी त्याच खोलीवर एक पूर्ण फेरी द्यावी लागेल. ॲल्युमिनियममध्ये २ ते ३ अंश हा छोट्या यंत्राला झेपणारा कोन आहे. लाकूड आणि नायलॉनमध्ये ५ अंशांपर्यंत जाण्यास हरकत नाही.

फीडच्या बाबतीत येथे एक बारीक गोष्ट सुटून जाते आणि त्यामुळे सर्पिल मार्ग लावूनही टूल तुटल्याच्या तक्रारी येतात. जी-कोडमधील (यंत्राला दिलेल्या आज्ञांमधील) फीड टूलच्या मध्यबिंदूचे असते. मध्यबिंदू ३ मिलिमीटरच्या वर्तुळावर फिरतो, पण कापणारी बाहेरची धार ९ मिलिमीटरच्या वर्तुळावर असते, त्यामुळे भिंतीशी प्रत्यक्ष फीड दिलेल्या आकड्याच्या तिप्पट होते. मिनिटाला १०,००० फेऱ्या, दोन दात आणि प्रत्येक दाताला ०.०२ मिलिमीटर चिप या हिशेबाने धारेचे फीड मिनिटाला ४०० मिलिमीटर येते. म्हणून मध्यबिंदूचे फीड ४०० भागिले ३, म्हणजे सुमारे १३० ठेवावे. काही कॅम सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत; तयार झालेल्या कोडमधला एफचा, म्हणजे फीडचा, आकडा वाचला की लगेच कळते. या हिशेबाने एक खळगा जवळपास एका मिनिटात होतो. सरळ खाली उतरण्यापेक्षा हा वेळ जास्त आहे, हे मान्य. पण खळगा मापात आणि गोलाईत येतो, तळ स्वच्छ निघतो आणि चिपांना बाहेर पडायला टूलच्या बाजूने ३ मिलिमीटरची मोकळी जागा सतत मिळत राहते. चकतीच्या मधोमध टूल तुटल्यावर नवे टूल लावून पुन्हा झिरो घेण्यात जाणारा वेळ धरला, तर हाच मार्ग लवकरचा ठरतो.

सर्पिल मार्गासाठी भोकाचा व्यास टूलच्या व्यासाच्या साधारण १.२ ते १.८ पट असावा, दीडपट उत्तम. दुपटीपेक्षा मोठा व्यास एकाच सर्पिल फेरीत करायला गेले, तर मध्ये खुंट उभा राहतो. तो मागाहून वेगळ्या मार्गाने काढावा लागतो. मध्ये धार नसलेले टूलही या पद्धतीने वापरता येते, पण टूलच्या तोंडावरील मृत, म्हणजे धार नसलेला, भाग मोजावा आणि मध्यबिंदूच्या वर्तुळाचा व्यास त्याहून मोठा ठेवावा, म्हणजे प्रत्येक जागेवरून धार एकदा तरी फिरते. उतारही अशा वेळी कमी, अर्धा ते एक अंश, ठेवावा.

लांब खाचेसाठी रॅम्पचा हिशेब याहून सोपा आहे. २० मिलिमीटर लांबीच्या खाचेत ३ अंशांचा उतार दिला, तर टूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो सुमारे १ मिलिमीटर खाली जाते आणि परत येताना पुढचा मिलिमीटर घेते. खाच फार आखूड असेल, तर टूल नागमोडी खाली-खाली जात राहते. तेही चालते.

भोकच टूलच्या मापाचे असेल तर

खळगा ६ मिलिमीटरचाच हवा आणि टूलही ६ चेच आहे, तेव्हा सर्पिल मार्गाला जागा उरत नाही. शक्य असल्यास ४ मिलिमीटरचे टूल लावून सर्पिल मार्गच घ्यावा. ते शक्य नसेल, तर आधी ड्रिल मारावे. ड्रिलने मधला माल निघून जातो, एंड मिलला फक्त बाहेरचे कडे कापावे लागते आणि चिपांना मधली पोकळी मिळते. ११८ अंशांच्या ड्रिलचे टोक त्याच्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट लांब असते. म्हणून ५ मिलिमीटरचे ड्रिल टोकाने ३.९ मिलिमीटरपर्यंत नेले, तर त्याचा पूर्ण व्यास २.४ मिलिमीटर खोलीपर्यंत पोहोचतो आणि ४ मिलिमीटरवर सपाट तळ काढताना एंड मिलच्या वाट्याला थोडाच माल येतो. ड्रिल करण्याआधी सेंटर ड्रिलने किंवा स्पॉट ड्रिलने खूण करावी, नाहीतर लवचीक यंत्रावर लांब ड्रिलही भरकटते. नायलॉन आणि पितळ यांत एंड मिल ड्रिलच्या भोकात एकदम पकड घेऊन खाली ओढली जाण्याची शक्यता असते, म्हणून तिथे जॉब वाइसमध्ये घट्ट धरावा आणि झेडच्या स्क्रूमधील बॅकलॅश (ढिलाई) तपासून घ्यावा.

हे काहीच जमत नसेल, तेव्हाच सेंटर कटिंग टूल सरळ खाली उतरवावे, आणि तेही थांबत थांबत. ॲल्युमिनियममध्ये एका वेळी ०.३ ते ०.५ मिलिमीटर खाली जाऊन टूल पूर्ण बाहेर काढावे आणि भोकात हवा मारून चिप उडवाव्यात. प्लंजचे फीड बाजूच्या फीडच्या एक तृतीयांश ते निम्मे असावे. त्याहून फार कमी नसावे, कारण मग घासणे सुरू होते. टूल तळाशी उभे ठेवू नये. रॉकेलचे थेंब ॲल्युमिनियमला चिकटू देत नाहीत, हा वर्कशॉपमधला जुना आणि खरा अनुभव आहे. मात्र ब्रश असलेल्या मोटरच्या स्पिंडलमध्ये ठिणग्या पडतात, त्यामुळे तिथे रॉकेल वापरू नये, सहज पेट न घेणारे कटिंग फ्लुइड ब्रशने लावावे.

कॅममध्ये काय तपासावे

एकदा उपाय करूनही अडचण परत येते, ती बहुतेक याच जागी. ऑटोडेस्क फ्यूजनमध्ये (पूर्वीचे फ्यूजन ३६०) पॉकेटसाठी हेलिक्स निवडता येतो, पण हेलिक्सचा किमान व्यास खळग्यात मावत नसेल, तर निवडलेली सर्पिल प्रवेशपद्धत प्रत्यक्षात मिळेलच असे नाही. म्हणून सिम्युलेशनमध्ये टूल मालात शिरताना नेमके कोणत्या रेषेने जाते, ते जवळून पाहावे. व्हीकार्वमध्ये पॉकेटच्या पर्यायांत रॅम्पची खूण आपण स्वतः करावी. फ्रीकॅडमध्ये गोल भोकासाठी हेलिक्सचे वेगळे ऑपरेशन आहे आणि बाकीच्या मार्गांना रॅम्प एन्ट्री ड्रेसअप जोडता येतो. पॉकेटमध्ये टूल भिंतीला लागून खाली उतरत असेल, तर प्रवेशाची जागा मध्याकडे हलवावी आणि भिंतीवर ०.२ मिलिमीटर माल ठेवून शेवटची फेरी वेगळी घ्यावी. याचे कारण असे की खाली दाबताना यंत्राची कमान किंचित उचलली जाते आणि दाब सुटताच परत बसते. त्या क्षणी भिंतीवर एक लहान खाच पडते. प्रत्येक पॉकेटमध्ये एकाच जागी तशी खाच दिसत असेल, तर कारण हेच समजावे.

जीआरबीएलवर (छोट्या यंत्रांच्या मोफत नियंत्रण सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या यंत्रांना जी८१ आणि जी८३ ही ड्रिलिंगची तयार सायकल समजत नाही. असा कोड पाठवला तर त्रुटी क्रमांक २० येतो. तेव्हा पोस्ट प्रोसेसरमध्ये (कॅममधील मार्ग यंत्राच्या कोडमध्ये बदलणाऱ्या भागात) सायकल उलगडून साध्या जी० आणि जी१ हालचालींत लिहिण्याचा पर्याय निवडावा. जी२ आणि जी३ या वर्तुळाकार हालचालीच्या आज्ञांसोबत झेड दिलेला सर्पिल मार्ग मात्र जीआरबीएलला पूर्ण समजतो.

मालाबद्दल थोडे

ॲल्युमिनियम घेताना एचई ३०, म्हणजे ६०८२, मागावे. भांड्यांच्या जातीचा मऊ पत्रा टूलला चिकटतो आणि त्यात कोणतेही फीड नीट बसत नाही. ॲक्रिलिकमध्ये एक फ्लूटचे टूल आणि मोठी चिप हवी, नाहीतर ते वितळून टूलभोवती गुंडाळते. एमडीएफमध्ये डाउनकट टूल (चिप खाली ढकलणाऱ्या पिळाचे) सरळ खाली उतरवू नये, कारण ते भुसा तळाशी दाबते, तो धुमसू लागतो आणि व्हॅक्यूम लावला असेल तर ठिणगी थेट भुशाच्या डब्यात जाऊ शकते. अशा वेळी यंत्राजवळून हलू नये. पोलादात आणि विशेषतः स्टेनलेसमध्ये छोट्या यंत्रावर सरळ प्लंज करू नये, एवढेच सांगणे पुरेसे आहे. ३०४ स्टेनलेस घासले की कडक होते आणि पुढची धारही घेऊन जाते.

यंत्राकडून येणारी कारणे

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, बीडकडे तापमान ४० अंशांच्या वर राहते आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. स्टेपर ड्रायव्हरमधील (मोटर चालवणाऱ्या सर्किटमधील) इलेक्ट्रॉनिक चिप अति तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर बंद पडते आणि झेडची पावले नेमकी तेव्हा चुकतात. सकाळी बरोबर येणारी खोली दुपारी बिघडत असेल, तर ड्रायव्हरवर पंखा लावावा, हीट सिंक नीट चिकटले आहे का ते पाहावे आणि करंटची मर्यादा मोटरच्या मापाप्रमाणे आहे याची खात्री करावी. वीज मध्येच गेली, तर टूल खळग्यात असतानाच झेडची जागा हरवते. वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू न करता टूल हाताने वर काढावे, होमिंग करावे (यंत्र त्याच्या मूळ जागेवर न्यावे) आणि झिरो नव्याने घ्यावे. ट्रिम राउटर (लाकूडकामाचे हातात धरायचे छोटे यंत्र) स्पिंडल म्हणून वापरत असाल, तर विजेचा दाब कमी झाल्यावर त्याच्या फेऱ्या घटतात आणि फीड मात्र तेच राहते, म्हणजे प्रत्येक दातावरचा भार न सांगता वाढतो. आवाज खाली आला की जॉब थांबवावा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच मालाच्या तुकड्यावर एकच खळगा कापून पाहावा: आधी टूलचे तोंड, मग कोलेट आणि रेघेची खूण, मग प्रवेशाचा मार्ग, आणि सगळ्यांत शेवटी फीड. कार्बाइडचे टूल तुटताना त्याचे तुकडे डोळ्यांच्या दिशेने उडू शकतात, म्हणून चाचणीच्या खळग्यालाही सुरक्षा चष्मा लावावा. मध्ये धार नसलेली टूल्स फेकून द्यायची गरज नाही. जॉबच्या बाहेरून शिरून कडा साफ करायला आणि माप आणायला ती फार चांगली असतात. त्यांच्या शँकवर रंगाची पट्टी मारून ती वेगळ्या डब्यात ठेवावीत आणि कॅमच्या टूल लायब्ररीतही त्यांची नोंद वेगळ्या नावाने करून त्यांचे प्लंज फीड शून्याजवळ ठेवावे, म्हणजे चुकून निवडले गेले तरी यंत्र खाली जाताना रांगते आणि थांबवायला वेळ मिळतो.